मांडीवरचे मूल आणि शेजारची जागा

प्रवासात होणाऱ्या तंट्यांत जागेचा तंटा सर्वांत जुना, आणि तोच सर्वांत क्षुल्लकही समजला जातो. घटकाभराने दोघेही उतरून आपापल्या वाटेस लागणार, मग एवढ्यातेवढ्यासाठी शब्दाने शब्द कशाला वाढवावा, असे त्रयस्थास वाटते. परंतु या तंट्यात एका बाजूस कडेवर मूल असलेली आई उभी राहिली, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. आपल्या हक्काच्या जागेवर बसलेला मनुष्य एकाएकी निष्ठुर ठरतो. आणि ज्या आईने कोणाचे काही घेतलेले नाही, ती आगंतुक याचक ठरते. वस्तुतः दोघांनीही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. मग हा प्रसंग उद्भवतो कोठून, त्यात न्याय कोणाच्या बाजूस असतो, आणि तो टाळण्याचा भार कोणी उचलावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले, म्हणजे आगगाडीचा आणि विमानाचा कारभार कसा चालतो याचे बरेचसे ज्ञान अनायासे होते.

या प्रश्नाचे मूळ रूप पाहावयाचे असेल, तर इगतपुरीसारखे दुसरे स्थान नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले हे गाव आगगाडीमुळेच नावारूपास आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कसारा येथे डोंगराच्या पायथ्यास लागतो आणि थळ घाट चढून इगतपुरीस वर येतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने हा घाटमार्ग १८६५ साली वाहतुकीस खुला केला. त्याची चढण सदतीस फुटांस एक फूट इतकी खडी असून सुमारे १५ किलोमीटरच्या अंतरात गाडी ३०० मीटरच्या आसपास उंची गाठते. एवढा चढ एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नसल्यामुळे कसाऱ्यास गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावयाची व इगतपुरीस ती सोडावयाची, अशी वहिवाट पडली. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इगतपुरीसच तपासले जात. १९३० च्या सुमारास मुंबईकडून विजेची इंजिने येथवर आली आणि पुढचा मार्ग वाफेवरच चालू राहिला. तेव्हा इंजिन बदलण्याचे कामही याच स्टेशनावर येऊन पडले. याचा परिणाम असा झाला, की इगतपुरीचा थांबा हा लांबच्या उतारूंच्या आयुष्यात एक ठरलेला विसावा होऊन बसला. पाय मोकळे करावयाचे, पाणी भरून घ्यावयाचे, गरम वडे घ्यावयाचे. आणि घरची माणसे वेगवेगळ्या डब्यांत विखुरलेली असतील, तर ती कशी आहेत याची चौकशी करून यावयाची.

ही शेवटची गोष्ट आजच्या उतारूस चमत्कारिक वाटेल. पण पूर्वीच्या गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्यास आतून वाट नसे. एकदा दार लागले, की पुढचे स्टेशन येईपर्यंत त्या डब्यातील माणसे ही बेटावरच्या माणसांसारखी. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने, १८९१ सालाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक उतारूंच्या गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा असे बंधन घातले. गाडी ५० मैलांहून अधिक लांब जाणार असेल, तर त्या कप्प्यास शौचकूप असलाच पाहिजे, असेही त्याच कलमात होते. मुंबई ते इगतपुरी हे अंतर सुमारे ८५ मैलांचे. तेव्हा घाट चढणाऱ्या प्रत्येक लांबच्या गाडीस हा नियम लागू झाला. तान्ह्या मुलास घेऊन निघालेल्या स्त्रीच्या सोयीचा विचार कायद्याने इतक्या लवकर केला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र त्या सोयीची किंमतही होती. आई आणि मुले एका डब्यात, बाप दुसऱ्या डब्यात, अशी कुटुंबाची फाळणी त्यामुळे होई, आणि लांब थांब्याच्या स्टेशनावर घरच्या कर्त्या पुरुषास बायकांच्या डब्याच्या खिडकीपाशी धावत जाऊन मुलांची विचारपूस करावी लागे.

त्या काळी एका जागेवर दोघांनी हक्क सांगण्याचा प्रसंग आजच्याहून निराळ्या तऱ्हेने येई. तिकिटावर जागेचा क्रमांक नव्हता. बाकावर जो आधी टेकला, त्याची जागा. यातूनच रुमालाचा कायदा जन्मास आला. गाडी फलाटास लागताच खिडकीतून आत रुमाल, टोपी, पिशवी किंवा प्रसंगी लहान मूलच सोडावयाचे, आणि जेथे ते पडेल ती जागा आपली समजावयाची. हा कायदा कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही; तरी विनाआरक्षण डब्यात तो अद्याप चालतो, आणि बहुतेक लोक तो मानतात. त्याचा दोष एवढाच, की जो चपळ व ज्याचे हात मोकळे, त्याच्याच तो पथ्यावर पडतो. जिच्या एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात ट्रंक आहे, तिला रुमाल टाकण्यास तिसरा हात नसतो. शिवाय इगतपुरी हे मधले स्टेशन. विदर्भ-खानदेशातून येणारी गाडी येथवर भरूनच येते. मनमाडहून मुंबईस जाणारी, १९७५ सालापासून धावणारी पंचवटी एक्सप्रेसही नाशिकरोडचे उतारू घेऊनच येथे पोहोचते. मधल्या स्टेशनावर चढणारा मनुष्य हा बसलेल्यांच्या दृष्टीने नेहमीच उशिरा आलेला पाहुणा असतो.

कायद्याची यावरील भूमिका स्पष्ट आहे. आज लागू असलेल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात, दुसऱ्याच्या नावे राखलेली जागा अडवून बसणारा उतारू रेल्वेच्या नोकराने सांगूनही उठला नाही, तर त्यास तेथून काढता येते व दंडही करता येतो. उलट जो डबा आपल्यासाठी राखलेला नाही, त्यात दुसऱ्या उतारूस कायदेशीरपणे शिरण्यास अडथळा करणारासही दंडाची तरतूद आहे. स्त्रियांसाठी एक कप्पा किंवा काही जागा राखण्याचे जुने तत्त्व या कायद्याच्या ५८ व्या कलमात कायम राहिले आहे. अशा राखीव कप्प्यात आईबरोबर १२ वर्षांखालील मुलगा बसू शकतो. परंतु हे सर्व नियम जागा कोणाची एवढेच सांगतात. जागेचे दोन रास्त धनी शेजारी शेजारी असता, त्यांपैकी एकाची गरज अधिक निकडीची असेल तर काय करावे, हे कोणतेच कलम सांगत नाही. भांडणे नेमकी याच पोकळीत होतात.

तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. पुढे १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर गादी आली. क्रमांक घातलेल्या जागा आणि नावनिशीवार आरक्षण यांचा प्रसार झाला, तसतशी रुमालाची सद्दी आरक्षित डब्यांतून संपली. कागदावर तंटा मिटला. पण त्याची जागा नव्या तंट्याने घेतली. आता वाद बसण्याच्या जागेचा राहिला नाही, तो निजण्याच्या जागेचा झाला.

हा नवा वाद समजण्यासाठी शयनयानाची रचना ध्यानी घ्यावयास हवी. जुन्या पद्धतीच्या शयनयान डब्यात ९ कप्पे व ७२ बर्थ असतात. प्रत्येक कप्प्यात समोरासमोर तीन तीन, आणि मार्गापलीकडे बाजूस दोन. आठांच्या या संचात पहिला व चौथा बर्थ खालचा, दुसरा व पाचवा मधला, तिसरा व सहावा वरचा. सातवा बाजूचा खालचा आणि आठवा बाजूचा वरचा. म्हणजे आठांपैकी पाच बर्थ असे, की त्यांवर मूल एकटे निजवणे धोक्याचे, किंवा तेथे तान्ह्या मुलास घेऊन चढणे अवघड. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात उघडावयाचा असा नियम २०१७ साली स्पष्ट करण्यात आला, व आजारी, अपंग आणि गर्भवती उतारूंना या वेळेबाहेरही निजावयाचे असल्यास इतरांनी सहकार्य करावे असे त्याच वेळी सांगण्यात आले. रात्र झाली की खालच्या बर्थच्या मालकास झोपावयाचे असते, आणि मधला उघडला की खाली कोणास ताठ बसताही येत नाही. जी आई मध्यरात्री दोनदा उठून मुलास पाजणार, तिच्या वाट्यास मधला बर्थ आला, तर तिची व शेजाऱ्यांची अशी सर्वांचीच झोप जाते.

यात भाड्याच्या नियमाची भर पडते. पाच वर्षांखालील मुलास रेल्वे भाडे आकारत नाही, पण त्यास वेगळा बर्थही देत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलासाठी एप्रिल २०१६ पासून दोन वाटा आहेत: बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावयाचे, नको असेल तर अर्धे. काटकसरीने चालणारे कुटुंब साहजिकच अर्ध्या भाड्याची वाट धरते. समजा, एका स्त्रीबरोबर एक वर्षाचे तान्हे आणि सहा वर्षांची मुलगी आहे. मुलीचे अर्धे तिकीट काढले, तर तीन जीवांना मिळून एक बर्थ येतो, आणि त्याची रुंदी असते सुमारे दोन फूट. तो बर्थ खालचा असेल तर रात्र कशीबशी निभावते. वरचा असेल तर ती बाई शेजाऱ्यापुढे हात जोडणार, हे तिकीट निघाले त्याच क्षणी ठरलेले असते. शेजाऱ्याला ती विनंती अचानक आल्यासारखी वाटते, पण तिचे बीज आरक्षणाच्या खिडकीवर पेरलेले असते.

खालच्या बर्थसाठी रेल्वेने काही व्यवस्था केली आहे. साठ वर्षांवरील पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी शयनयानाच्या प्रत्येक डब्यात सहा ते सात, आणि वातानुकूलित तृतीय वर्गात चार ते पाच खालचे बर्थ राखून ठेवले जातात. वाटेत एखादा खालचा बर्थ रिकामा राहिला, तर वृद्ध, अपंग किंवा गर्भवती उतारूस तो देण्याचा अधिकार तिकीट तपासनीसास आहे. योजना निःसंशय चांगली आहे. पण तिच्यातील एक विसंगती नजरेत भरते. मूल पोटात असेतोवर आईस खालचा बर्थ मागता येतो. मूल जन्मास येऊन मांडीवर आले, की या विशेष सवलतीतून ती वगळली जाते. स्त्रियांच्या सर्वसाधारण कोट्यातून तिला बर्थ मिळू शकतो, परंतु तो खालचाच असेल असा भरवसा त्यात नाही. वस्तुतः गैरसोय मूल जन्मल्यावर कमी होत नाही, वाढते.

मुलांच्या निजण्याचा प्रश्न रेल्वेच्या मनात मुळीच आला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागाने लखनौ मेलच्या एका डब्यात १२ व ६० क्रमांकांच्या खालच्या बर्थना बाळासाठी लहानसा जोडबर्थ बसवून पाहिला. तो बिजागरीवर दुमडून ठेवता येई, आणि बाळ खाली पडू नये म्हणून त्यास अडसर होता. बातमी प्रसिद्ध होताच देशभर तिचे कौतुक झाले. तथापि एक गोष्ट उघड आहे. जोडबर्थ कितीही सुबक केला, तरी तो ज्या बर्थला जोडलेला आहे, तो तान्ह्याच्या आईलाच मिळेल अशी तजवीज केल्यावाचून त्याचा उपयोग नाही. सुतारकामाआधी वाटपाचा नियम हवा.

आता विमानाकडे वळावयास हरकत नाही. इगतपुरीच्या परिसरातील पुष्कळ कुटुंबांचे नातलग आज परप्रांती व परदेशी आहेत. ओझरचा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ या दोहोंशी त्यांचा संबंध येतो. विमानात निजण्याच्या बर्थचा प्रश्न नाही आणि प्रत्येकाच्या हाती आसनाचा क्रमांक असतो. तरीही मुलांवरून होणारे वाद तेथे कमी नाहीत, आणि त्यांचे कारण आगगाडीहून वेगळे आहे. आगगाडीत जागा अपुरी म्हणून भांडण होते. विमानात जागेची किंमत निरनिराळी लावली जाते म्हणून होते.

आपल्याकडील बहुतेक देशांतर्गत विमानांत एका ओळीत सहा आसने असतात, मार्गाच्या दोन्ही बाजूंस तीन तीन. पूर्वी तिकीट घेतले की आसन त्यात आलेच, असा समज होता. पुढे कंपन्यांनी तिकिटाचे तुकडे पाडले: आसन निवडण्याचे वेगळे, जेवणाचे वेगळे, सामानाचे वेगळे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशी वेगळी आकारणी करण्यास मुभा दिली आहे. अट इतकीच, की ती उतारूने आपखुशीने स्वीकारलेली असावी. खिडकीकडील व मार्गाकडील आसने लोक पैसे देऊन आधी उचलतात. जे पैसे देत नाहीत त्यांस शेवटी उरलेले आसन मिळते, आणि उरतात ती बहुधा ठिकठिकाणची मधली आसने. आईबाप आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब अशा वेळी चार ओळींत विखुरले जाते. मग दारे बंद होण्याच्या सुमारास आर्जवे सुरू होतात, आणि ज्याने खिडकीसाठी जादा पैसे भरले आहेत, त्यास ती सोडून मधल्या आसनावर जाण्याची गळ घातली जाते. त्याने नकार दिला तर आजूबाजूच्या नजरा त्यास टोचतात. होकार दिला तर त्याचे पैसे बुडतात. कंपनीने मात्र एका आसनाचे पैसे घेतलेले असतात, आणि दुसऱ्या कुटुंबाची व्यवस्था करण्याचे काम फुकटात उतारूंकडून करून घेतलेले असते.

विमानातील आसनबदल हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही, हेही येथे सांगावयास हवे. त्यास सुरक्षेची बंधने आहेत. दोन वर्षांखालील बालक आईच्या मांडीवर बसून प्रवास करते. दोन वर्षे पूर्ण झाली की त्यास स्वतःचे आसन लागते. विमानात हवेचा दाब एकाएकी कमी झाला, तर आसनांच्या वर बसवलेले प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. तीन आसनांच्या एका संचावर बहुधा चार मुखवटे असतात, म्हणजे मांडीवरच्या एकाच बालकाची त्यात सोय होते. म्हणून दोन बहिणी दोन तान्ह्यांना घेऊन एकाच संचात शेजारी बसू लागल्या, तर विमानातील सेवक त्यांस हटकतात, आणि त्यात हेकटपणा नसतो. संकटकाळी बाहेर पडावयाच्या दारांच्या ओळीतही मुलांना बसू देत नाहीत. कारण तेथे बसणाऱ्याने प्रसंगी ते जड दार उघडावयाचे असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा विमान रिकामे करण्याचा आहे. अर्ध्याच दारांचा उपयोग करून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर पडता आले पाहिजे, ही प्रवासी विमानाच्या आराखड्याची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे, की मूल दूरच्या ओळीत असेल तर त्यास गाठण्यासाठी मोठी माणसे गर्दीच्या उलट दिशेने धावतील व सर्वांचीच सुटका लांबेल. म्हणून मुले शक्यतो आईबापांच्याच ओळीत असावीत, आणि ते न साधल्यास एका ओळीहून अधिक अंतर पडू नये. या युक्तिवादाने प्रश्नाचा सगळा रंगच बदलतो. मूल आईजवळ असणे हा केवळ आईचा लाभ नसून त्या विमानातील प्रत्येक उतारूचा लाभ ठरतो.

कॅनडाने हे तत्त्व नियमात उतरवले. डिसेंबर २०१९ पासून तेथे पाच वर्षांखालील मुलास पालकाच्या लगतचे आसन, पाच ते अकरा वर्षांच्या मुलास त्याच ओळीत व फार तर एका आसनाच्या अंतरावर, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलास फार तर एका ओळीच्या अंतरावर आसन, तेही जादा आकार न घेता, देण्याची व्यवस्था कंपनीने करावयाची आहे. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने हा विषय परिवहन खात्याकडे सोपवला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या खात्याने फुकट शेजारच्या आसनाचा नियम प्रस्तावित केला. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने विमान कंपन्यांना बजावले, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच्याच पीएनआर क्रमांकावर प्रवास करणाऱ्या आईबापांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या सोबत आसन द्यावे, आणि त्याची नोंद ठेवावी. या नियमातील ‘त्याच पीएनआर क्रमांकावर’ हे शब्द प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावयाचे आहेत. आईचे तिकीट मावशीने काढले, मुलांचे बापाने वेगळे काढले, तर कंपनीच्या यंत्रास ते एक कुटुंब आहे हे कळण्यास मार्ग नसतो, आणि नियमाचे संरक्षणही मग हातचे जाते.

एवढे सांगितल्यावर दुसऱ्या बाजूचाही न्याय केला पाहिजे. जागा सोडण्यास नकार देणारा मनुष्य नेहमीच आडमुठा असतो असे नाही. खालच्या बर्थवरच्या आजीबाईंचे गुडघे दुखत असतील. खिडकीशी बसलेल्या तरुणाने त्या आसनासाठी जादा पैसे भरलेले असतील. मार्गाकडे बसलेल्यास काही व्याधीमुळे वारंवार उठावे लागत असेल, आणि ती गोष्ट चारचौघांत सांगणे त्यास नको वाटत असेल. कारण न सांगता नाही म्हणण्याचा अधिकार त्यास आहे. तो अधिकार त्याने तिकिटाबरोबर विकत घेतला आहे. आजीबाई आणि तान्ह्याची आई या दोघींत खालच्या बर्थसाठी ओढाताण होते, तेव्हा तर कोणाचीच मागणी अवाजवी नसते. दोन खऱ्या गरजा एका जागेवर येऊन आदळलेल्या असतात. अशा वेळी आजीबाईंना निर्दय म्हणणे किंवा आईला बेजबाबदार ठरवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या आहेत.

म्हणून नियम पुरे पडेपर्यंत व्यवहाराची काही पथ्ये उभयपक्षी पाळली, तर पुष्कळ कटुता टळेल. तिकीट काढतानाच सर्वांची नावे एकत्र घालावी आणि मुलांची वये अचूक लिहावी. विनंती करावयाची ती दुसऱ्याच्या जागेवर बसण्यापूर्वी करावी. आधी मूल निजवून मग संमती मागणे ही विनंती नव्हे, तो ताबा होय. बदल्यात देऊ केलेली जागा शक्यतो तितकीच चांगली असावी. खिडकी मागून मधले आसन पुढे करणे, किंवा खालचा बर्थ मागून शौचकूपाजवळचा बाजूचा वरचा बर्थ देऊ करणे, यास अदलाबदल म्हणता येत नाही. नकार मिळाल्यास तो शांतपणे स्वीकारून तिकीट तपासनीस किंवा विमानातील सेवक यांच्याकडे जावे. रिकाम्या जागांची यादी त्यांच्याजवळ असते, शेजाऱ्याजवळ नसते. ज्याच्याकडे विनंती आली, त्याने नाही म्हणावयाचे असल्यास सरळ आणि सौम्यपणे म्हणावे; मुलाच्या संगोपनावर व्याख्यान देण्याचे काम त्याच्याकडे नाही. आणि जे भोवती बसलेले असतात, त्यांनी दुसऱ्याच्या जागेवर परस्पर उदार होण्याचा मोह आवरावा. ज्यास खरोखर दया आली असेल, त्याने आपली स्वतःची जागा देऊ करावी.

परंतु सौजन्यावर सोपवलेली व्यवस्था ही शेवटी दैवावर सोपवलेली व्यवस्था असते. एखाद्या रात्री शेजारी भला भेटतो, एखाद्या रात्री भेटत नाही. आणि मूल तेवढेच असते, त्याची आई तेवढीच दमलेली असते. जागा विकतो कोण, कोणास कोणती द्यावयाची हे ठरवतो कोण, आणि कोणत्या उतारूबरोबर लहान मूल आहे हे आधी कळते कोणास, हे पाहिले, तर तिन्ही प्रश्नांचे उत्तर रेल्वे आणि विमान कंपनी हेच येते. १८९० साली, संगणक नसताना, पन्नास मैलांपुढे जाणाऱ्या गाडीत बायकांच्या कप्प्यास शौचकूप असावा एवढा सूक्ष्म विचार कायद्यास सुचला होता. आज आरक्षणाच्या अर्जात वयाचा रकाना आहे, बर्थची वाटणी यंत्र करते, आणि गर्भवतीस खालचा बर्थ देण्याचा नियम त्या यंत्रास शिकवून झाला आहे. त्याच नियमात पाच वर्षांखालील मुलाबरोबर प्रवास करणाऱ्या पालकाचा समावेश करावयास नवा डबा लागत नाही की नवा रूळ लागत नाही. पाहिजे असते ती केवळ एक ओळ वाढवण्याची इच्छा. ती ओळ वाढली, तर मध्यरात्री अनोळखी माणसापुढे हात जोडण्याची पाळी आईवर येणार नाही, आणि आपल्या हक्काच्या जागेवर निजलेल्या माणसास अपराध्यासारखे तोंड फिरवून घ्यावे लागणार नाही.